परवाना माणसाचा की जागेचा?

'वाचक विचारतात' या सदरात या वेळी नर्सिंग होम चालवणाऱ्यांची आणि चालवू पाहणाऱ्यांची पत्रं एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रांतला गोंधळ एका शब्दापासूनच सुरू होतो. अंधेरीत किंवा गिरगावात 'नर्सिंग होम' म्हटलं की दहा-वीस खाटांचं छोटं रुग्णालय डोळ्यांसमोर येतं. तिथे बाळंतपणं होतात, अपेंडिक्स निघतं, पावसाळ्यात डेंग्यूचे पेशंट सलाइनवर असतात. अमेरिकेत तोच शब्द वृद्धांच्या आणि परावलंबी झालेल्या माणसांच्या दीर्घ शुश्रूषागृहासाठी वापरतात. तिथे लोक महिनोन्‌महिने राहतात, पुष्कळदा शेवटपर्यंत. तिथे जागेच्या परवान्यासोबत ती चालवणाऱ्या व्यक्तीचाही वेगळा परवाना लागतो. आपल्याकडे नोंदणी होते ती जागेची. एवढं लक्षात ठेवलं तर पुढची उत्तरं सोपी जातील.

प्रश्न : माझी सून मुंबई विद्यापीठाची बीएस्सी आणि पुढे हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेतलेली. आता कॅलिफोर्नियात आहे, ग्रीन कार्डही आलं आहे. तिला तिथल्या नर्सिंग होमची अ‍ॅडमिनिस्ट्रेटर व्हायचं आहे. परीक्षा कोणती, कितपत अवघड, आणि सुट्टीत इथे आली असताना ती देऊन टाकता येईल का? – एक सासूबाई, दादर

उत्तर : ताई, परीक्षा हा या वाटेवरचा तिसरा टप्पा आहे. पहिला टप्पा पदवीचा, दुसरा शिकाऊ तासांचा. सुनेने उलटीकडून सुरुवात केली तर वर्ष वाया जाईल.

आधी कायद्याचं थोडं. १९६७ साली तिथल्या सोशल सिक्युरिटी कायद्यात बदल झाला आणि १ जुलै १९७०पासून प्रत्येक राज्याने नर्सिंग होमच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरना परवाने देण्याची व्यवस्था ठेवणं बंधनकारक झालं. केंद्राने सक्ती केली, पण परवाना कोणाला द्यायचा हे राज्यांवर सोडलं. त्यामुळे 'अमेरिकेचा परवाना' अशी वस्तू नाही. कॅलिफोर्नियाचा असतो, टेक्सासचा असतो, आणि एकाचा कागद दुसरीकडे आपोआप चालत नाही.

परीक्षा मात्र देशभर एकच. ती घेते नॅशनल असोसिएशन ऑफ लाँग टर्म केअर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर बोर्ड्स, म्हणजे नॅब. (मुंबईकराला नॅब म्हटलं की वरळीची अंधांसाठीची संस्था आठवते, आणि हॉस्पिटलवाल्यांना एनएबीएच, म्हणजे रुग्णालयांना मानांकन देणारी संस्था. या दोहोंशी तिचा संबंध नाही.) २०१७पासून ही परीक्षा दोन तुकड्यांत होते. पहिला पेपर 'कोअर', सगळ्या प्रकारच्या दीर्घ शुश्रूषासेवांना समान. दुसरा खास नर्सिंग होमचा. कोअरमध्ये गुण धरले जाणारे १०० प्रश्न असतात, दुसऱ्यात ५०. शिवाय काही प्रश्न पुढच्या परीक्षांसाठी चाचणी म्हणून मिसळलेले असतात. त्यांचे गुण धरत नाहीत, पण ते कोणते हे परीक्षार्थीला कळत नाही. चार पर्यायांतून एक निवडायचा. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा कोरा सोडलेला प्रश्न म्हणजे निव्वळ तोटा. उत्तीर्ण व्हायला ११३ लागतात आणि हा आकडा पाहून लोक दचकतात. ती टक्केवारीही नाही आणि बरोबर उत्तरांची संख्याही नाही. पेपर सोपा-अवघड झाल्याचा फरक काढून एका पट्टीवर बसवलेला तो गुणांक आहे. दोन्ही पेपरांत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं.

आता कॅलिफोर्निया. तिथे हे काम राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचा नर्सिंग होम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर प्रोग्रॅम पाहतो. नेहमीची वाट अशी: पदवी, मग परवानाधारक मार्गदर्शकाच्या हाताखाली १,००० तासांचं शिकाऊ प्रशिक्षण, मग नॅबचे दोन पेपर आणि कॅलिफोर्नियाच्या स्वतःच्या नियमांचा वेगळा पेपर. आठवड्याला ४० तास धरले तर हजार तास म्हणजे २५ आठवडे, जवळजवळ सहा महिने. हे तास तिथल्याच परवानाधारक नर्सिंग होममध्ये भरायचे असतात. परळच्या मोठ्या रुग्णालयात दहा वर्षं कारभार सांभाळलेला असला तरी तो अनुभव या तासांत जमा होत नाही. पदव्युत्तर अभ्यासात रुग्णालयातली इंटर्नशिप झाली असेल तर काही राज्यांत शिकाऊ तासांतून सूट मिळते. म्हणून तिने अभ्यासक्रम आणि इंटर्नशिपच्या तासांचं पत्र महाविद्यालयाकडून आत्ताच घेऊन ठेवावं आणि या सवलतीबद्दल राज्याकडे लेखी विचारावं.

पदवीचं मूल्यमापन ही पहिली अडचण. आपली बीएस्सी तीन वर्षांची, तिथली पदवी चार वर्षांची. नुसती बीएस्सी पुढे केली तर मूल्यमापन करणारी संस्था ती 'तीन वर्षांचं महाविद्यालयीन शिक्षण' म्हणून मोजू शकते. बीएस्सी आणि पदव्युत्तर पदवी एकाच अहवालात, एकत्र तपासायला द्यावी. वेगवेगळे दोन अहवाल काढणं ही नेहमीची चूक आहे, आणि पैसेही दोनदा जातात.

सुट्टीत इथे परीक्षा? तो विचार सोडावा. राज्याने आधी पात्र ठरवल्याशिवाय परीक्षेची तारीखच घेता येत नाही. अभ्यास मात्र दादरला बसूनही होतो.

अभ्यास कशाचा, हे नीट सांगतो, कारण हुशार उमेदवार इथेच आपटतात. परीक्षेचे विषय चार गटांत: शुश्रूषा व सेवा, कामकाज, इमारत व गुणवत्ता, नेतृत्व व नियोजन. आपल्याकडून गेलेला माणूस हे सगळं रुग्णालयाच्या चष्म्यातून वाचतो. तिथे मात्र राहणारा माणूस 'पेशंट' नसतो, रहिवासी असतो, आणि ते त्याचं घर असतं. नमुन्याचा प्रश्न घ्या. मधुमेह असलेल्या, पूर्ण भानावर असलेल्या ८१ वर्षांच्या बाईंना रोज रात्री आइस्क्रीम हवं आहे. मुलगा फोन करून बजावतो, देऊ नका. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने काय करावं? आपला उमेदवार 'डॉक्टरांकडून लेखी आदेश घ्यावा' यावर खूण करतो, नाहीतर 'मुलाची इच्छा पाळावी' यावर. बरोबर उत्तर असं की बाईंना धोका समजावून सांगावा, त्यांचा निर्णय मान्य करावा आणि हे सगळं शुश्रूषा आराखड्यात नोंदवावं. आजीचा निर्णय मुलाने घ्यायचा ही सवय आपल्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की पर्याय वाचतानाच हात चुकीकडे जातो. पलंगाचे कठडेही तसेच. आपल्याला ती काळजी वाटते. तिथे माणसाला हवं तेव्हा उतरता येत नसेल तर ते बंधन घालणं ठरू शकतं.

मग पाठ करायचे आकडे. हे केंद्राच्या नियमांतले, म्हणून सगळीकडे समान. माणूस दाखल झाल्यापासून ४८ तासांत प्राथमिक आराखडा, १४ दिवसांत सर्वंकष तपासणी, आणि ती पूर्ण झाल्यापासून ७ दिवसांत पूर्ण आराखडा. छळाचा आरोप किंवा गंभीर इजा झाल्याचा प्रसंग असेल तर २ तासांत कळवायचं, बाकी प्रकार २४ तासांत. डॉक्टरांची भेट पहिले ९० दिवस दर ३० दिवसांनी, पुढे दर ६० दिवसांनी. नोंदणीकृत परिचारिका रोज सलग ८ तास, आठवड्याचे सातही दिवस. १२०पेक्षा जास्त खाटा असतील तर पूर्णवेळ समाजसेवक. रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी यांत १४ तासांपेक्षा जास्त अंतर नको. म्हणजे जेवण संध्याकाळी साडेपाचला उरकलं तर न्याहारी साडेसातला टेबलावर हवीच. झोपताना पोषक खाणं दिलं आणि रहिवाशांच्या गटाची संमती असेल तर हे अंतर १६ तासांपर्यंत चालतं, आणि प्रश्न नेमका या सवलतीवर येतो. स्वयंपाकघरात थंड अन्न ४१ अंशांवर किंवा खाली, गरम १३५ किंवा वर. हे फॅरनहाइट. सेल्सियसमध्ये विचार करणाऱ्याने ५ आणि ५७ हे आकडे शेजारी लिहून ठेवावेत.

पैशांच्या प्रश्नांना वाणिज्य शाखेचे लोक घाबरत नाहीत, पण विमा त्यांना गाठतो. मूळ मेडिकेअरमधून, म्हणजे तिथल्या वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यातून, नर्सिंग होमचा खर्च मिळायला आधी रुग्णालयात सलग तीन दिवस दाखल असावं लागतं. 'निरीक्षणाखाली' काढलेले दिवस यात धरत नाहीत, मग माणूस त्याच खाटेवर तीन रात्री झोपलेला का असेना. त्यानंतर एका लाभकाळात (विम्याचे दिवस मोजण्याच्या एका कालखंडात) जास्तीत जास्त १०० दिवस. पहिले २० पूर्ण, २१ ते १००पर्यंत रोजचा वाटा रुग्णाने उचलायचा. त्यापुढचा दीर्घ मुक्काम मेडिकेअर देत नाही. गणितं सोपी असतात. वर्षाचं उत्पन्न ७३ लाख डॉलर आणि येणी ९ लाख. रोजचं उत्पन्न २०,००० डॉलर, म्हणजे येणी ४५ दिवसांची.

कॅलिफोर्नियाच्या पेपरातला एक सापळा जवळून पाहण्यासारखा आहे. तिथे प्रत्येक रहिवाशामागे रोज किमान ३.५ तास प्रत्यक्ष शुश्रूषा लागते, आणि त्यातले २.४ तास प्रमाणित नर्सिंग सहायकांचे असावे लागतात. समजा ९० रहिवासी, दिवसभराचे शुश्रूषेचे एकूण तास ३२४. भागाकार ३.६, पास! पण त्या ३२४मध्ये सहायकांचे तास २०७च असतील तर तो भागाकार २.३ येतो, आणि नियम मोडला. सहायक २१६ तास हवे होते. एकूण आकडा पाहून पुढे जाणारा इथे गुण घालवतो. कामावर असताना हीच चूक केली तर दंडही होतो.

परवाना मिळाल्यावर दर दोन वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठी ४० तासांचं निरंतर शिक्षण. पुढेमागे राज्य बदलण्याची शक्यता असेल तर नॅबची हेल्थ सर्व्हिसेस एक्झिक्युटिव्ह ही पात्रता पाहावी. ती मानणाऱ्या राज्यांत नवा परवाना काढणं हलकं होतं.

प्रश्न : भाऊ डॉक्टर आहे, मुलुंडला त्याचं बारा खाटांचं नर्सिंग होम आहे. मी बीकॉम, सगळा कारभार मी बघतो. आता अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला सरकारी परीक्षा द्यावी लागणार असं कानावर आलं. कोणती पुस्तकं घेऊ? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : पुस्तकं घेऊ नका. महाराष्ट्रात अ‍ॅडमिनिस्ट्रेटरसाठी परवाना परीक्षा नाही. तुम्हाला लागू आहे तो १९४९चा नर्सिंग होम नोंदणी कायदा. पूर्वी त्याच्या नावात मुंबई होतं, आता महाराष्ट्र आहे. केंद्राचा २०१०चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. म्हणून त्या कायद्याचे इंटरनेटवर मिळणारे नमुने आणि 'गाइड' भरून नेलेत तर पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून परत येतील.

पण या जुन्या कायद्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. नोंदणी कोणत्या कारणांनी नाकारता येते हे कलम ५मध्ये सांगितलं आहे. त्यातलं एक कारण असं की नर्सिंग होमचं व्यवस्थापन पात्र डॉक्टर किंवा पात्र परिचारिका यांच्या हाती नाही किंवा ती व्यक्ती तिथे निवासी नाही. परिचारिकांचं योग्य प्रमाण नसणं हेही कारण आहे, आणि प्रसूतिगृह असेल तर पात्र सुईण नसणं हेही. म्हणजे बिलं, टीपीए (विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपन्या), पगार, खरेदी, लिफ्टवाल्याशी भांडण हा सगळा कारभार तुम्ही खुशाल बघा. कायद्याच्या भाषेतलं व्यवस्थापन मात्र भावाचं. 'निवासी' ही अट बहुतेक ठिकाणी चोवीस तास हजर असणाऱ्या आरएमओंच्या (निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या) पाळ्यांवर भागवली जाते. भाऊ महिनाभर परदेशी गेला, रात्रपाळीचे आरएमओ सोडून गेले आणि ड्यूटी रजिस्टरवर तुमच्या सह्या चालू राहिल्या, तर तपासणीत तेच पान उघडलं जातं. भाऊ परदेशी जाण्याआधी बदली डॉक्टरचं नाव, नोंदणी क्रमांक आणि तारखा असलेलं पत्र फाइलला लावा.

परिचारिकांचं प्रमाण मोजताना महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची चालू नोंदणी असलेल्याच धरतात. पंधरा वर्षं तुमच्याकडे काम करून हाताला वळण आलेली सिस्टर कितीही चांगली सलाइन लावत असली तरी कागदावर ती मावशी. ही कटू गोष्ट आहे, पण पाळीचं वेळापत्रक आखताना ती लपवू नका. आणखी एक: नोकरीवर घेताना घेतलेली प्रमाणपत्राची झेरॉक्स फाइलमध्येच म्हातारी होते. डॉक्टरांची वैद्यकीय परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० श्रेयांक जमवावे लागतात. परिचारिकांचीही नोंदणी संपते. एका कागदावर सगळ्यांची नावं आणि शेजारी फक्त 'कधी संपते' असा रकाना करा आणि तो कागद काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. नोंदणीचं प्रमाणपत्र, रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक मात्र काउंटरच्या बाहेरच्या बाजूला, पेशंटला दिसेल असं. शेवटच्या दोन गोष्टी २०२१च्या सुधारित नियमांनी ठळक केल्या. सनद केबिनमध्ये फ्रेम करून ठेवली तर ती लावली असं होत नाही.

प्रश्न : नूतनीकरणाच्या वेळी 'फॉर्म बी कुठाय?' असं विचारलं. आम्ही दाखवला तर 'हा नव्हे' म्हणाले. मग कोणता? – स्त्रीरोगतज्ज्ञ दांपत्य, विलेपार्ले

उत्तर : तुमच्याकडे चार फॉर्म बी असणार, म्हणून हा घोळ. नर्सिंग होम नोंदणीच्या नियमांत फॉर्म बी म्हणजे अर्ज. मंजूर झाल्यावर मिळतं ते प्रमाणपत्र फॉर्म सी. अग्निसुरक्षेच्या कायद्यात फॉर्म बी म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीने दिलेलं सहामाही प्रमाणपत्र. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यात फॉर्म बी म्हणजे सोनोग्राफी केंद्राच्या नोंदणीचं प्रमाणपत्र. आणि गर्भपात कायद्याच्या नियमांत फॉर्म बी म्हणजे जागेला मिळालेली मान्यता. फॉर्म सीची गंमत आणखी पुढची. एकीकडे ते नोंदणीचं प्रमाणपत्र, गर्भपाताच्या नियमांत ते रुग्णेचं संमतिपत्र, तर पीसीपीएनडीटीत अर्ज फेटाळल्याचं पत्र! फाइलच्या कण्यावर अक्षर लिहू नका, कायद्याचं नाव लिहा. तुम्हाला कोणता मागितला हे कोण विचारत होतं त्यावरून ओळखा. आरोग्य खात्याच्या टेबलावर नूतनीकरणाचा अर्ज, आणि तिथूनच अग्निशमनाच्या कागदांबद्दल विचारलं असेल तर एजन्सीचं सहामाही प्रमाणपत्र.

हे सहामाही प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं, कायदा २००६चा. मार्च २०२१मध्ये भांडुपच्या मॉलमधल्या रुग्णालयाला आग लागून रुग्ण दगावले, त्यानंतर हा कागद कोणी सहज सोडत नाही. एजन्सीचा माणूस आला की त्याला चहा देऊन नुसती सही घेऊ नका. पंप सुरू करायला लावा आणि सर्वांत वरच्या मजल्यावरच्या नळीला दाब येतो का ते पाहा. जिन्याखाली ऑक्सिजनची रिकामी सिलिंडरं आणि जुन्या केसपेपरांचे गठ्ठे असतील तर आधी ते हलवा.

बाकीच्या तारखा एका दमात: नर्सिंग होमची नोंदणी दिल्यापासून तिसऱ्या वर्षीच्या ३१ मार्चला संपते. पीसीपीएनडीटीची नोंदणी पाच वर्षांची, आणि तिचा मासिक अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत, त्यासोबत प्रत्येक गरोदर स्त्रीचा फॉर्म एफ (सोनोग्राफीची नोंद). जैववैद्यकीय कचऱ्याचा वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला. जन्म-मृत्यूची खबर २१ दिवसांत.

तरी नूतनीकरण अडतं ते बहुधा तारखांमुळे नसतं. ते खाटांच्या आकड्यामुळे असतं. नोंदणीत १२ खाटा, कचऱ्याच्या परवानगीत १०, अग्निशमनाच्या आराखड्यात १५, आणि डेंग्यूच्या दिवसांत पॅसेजमध्ये टाकलेल्या दोन धरून प्रत्यक्षात १४. प्रत्येक खात्याला वेगळा आकडा वेगवेगळ्या वर्षी सांगितलेला असतो, कुणी मुद्दाम खोटं लिहिलेलं नसतं. अर्ज भरण्याआधी सगळे परवाने टेबलावर पसरा, खाटांच्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल करा. गोलांत एकच आकडा येईपर्यंत अर्ज देऊ नका. पॅसेजमधल्या खाटा तर काढाच, आग लागली की सुटकेची वाट तीच.

प्रश्न : बोरिवलीत शेजारचे दोन फ्लॅट जोडून आठ आजी-आजोबांची सोय करायची आहे. दोघांना नाकातल्या नळीने अन्न, एकाला कॅथेटर. 'वृद्धाश्रम' अशी पाटी लावली तर नर्सिंग होमची नोंदणी नको ना? – एक वाचक, बोरिवली

उत्तर : पाटीवर काय लिहिलं आहे याला अर्थ नाही. कायद्यातली व्याख्या अशी की आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्या माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा करण्याची जागा म्हणजे नर्सिंग होम. यातला 'दुर्बलता' हा शब्द नेमका तुमच्या आठ जणांना लागू पडतो. निरोगी वृद्ध राहतात, जेवतात, भजनाला बसतात, ती जागा वेगळी. नळीतून अन्न, कॅथेटर, पाठीच्या जखमेचं ड्रेसिंग, इन्शुलिनचं इंजेक्शन हे सगळं शुश्रूषेत मोडतं. वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे सेवांची यादी देऊन लेखी उत्तर घ्या, आणि ते फ्लॅटवर खर्च करण्याआधी घ्या. राहत्या इमारतीत असा वापर चालेल का, हा वेगळा प्रश्न त्याच वेळी सोसायटीला आणि पालिकेच्या इमारत खात्याला विचारा. भिंत पाडून झाल्यावर विचारणारे जास्त असतात.

कचराही लगेच बदलतो. कॅथेटर, लघवीची पिशवी, अन्नाची नळी लाल पिशवीत. रक्त-पू लागलेलं ड्रेसिंग पिवळ्यात. सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात. ही पिवळी पिशवी सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात गेली तर सफाई कामगाराच्या हाताला लागते आणि तक्रार तुमच्या नावाने येते.

आणि एक उसनवारी सुचवतो. वर अमेरिकेचे आकडे दिले आहेत, त्यातला ४८ तासांचा प्राथमिक आराखडा इथे कोणी मागत नाही, तरी करा. एक पान पुरतं: कोणती औषधं, कशाची अ‍ॅलर्जी, गिळताना ठसका लागतो का, रात्री उठतात का, पडण्याचा इतिहास, आणि अत्यवस्थ झाल्यास कोणाला फोन. नव्या जागी आलेले आजोबा पहिल्या दोन रात्रींत बाथरूमची वाट चुकून पडतात. त्यांच्या खोलीतून बाथरूमपर्यंत रात्रभर दिवा ठेवा.

प्रश्न : मुंबईत हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन शिकलं तर परवाना मिळतो का? – विद्यार्थिनी, चेंबूर

उत्तर : नाही, पदवी मिळते. तुमच्या जवळच देवनारला टाटा समाजविज्ञान संस्थेत दोन वर्षांचा एमएचए (हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची पदव्युत्तर पदवी) आहे, तो पाहा.

प्रश्न : माझ्या पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. अमेरिकेतल्या परवान्यासाठी पदवीवरचं नाव बदलून घ्यावं का? – एक वाचक, गोरेगाव

उत्तर : पदवीवरचं नाव तसंच राहू द्या. मूल्यमापन संस्थेच्या अर्जात 'पूर्वीचं नाव' असा रकाना असतो, तिथे गुणपत्रिकेवर जसं आहे तसं लिहा. वडिलांचं नाव मध्ये असेल तर तेही, आणि सोबत विवाह प्रमाणपत्र. विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत उतारा) कालिन्याच्या परीक्षा भवनातून काढावी लागते. घरच्या गुणपत्रिकांची झेरॉक्स चालत नाही, आणि बंद लिफाफा तुम्हीच फोडलात तर तोही बाद. परीक्षेच्या अर्जात मात्र नाव ओळखपत्रावर आहे तसंच, अक्षर न्‌ अक्षर. 'वैद्य' एकीकडे एका 'ए'ने आणि दुसरीकडे दोन 'ए'ने लिहिलं असेल तर परीक्षा केंद्राच्या दारातून परत पाठवतात, आणि फी परत मिळत नाही.